बदामाचं नख

दर्शना परब लोणी आणि बदाम आणायला स्वतः खाली उतरली, तेव्हा गॅलरीत उभ्या असलेल्या बायका बोलता बोलता थांबल्या. वर्ष उलटून गेलं होतं, तिला असं पिशवी घेऊन जिना उतरताना कुणी पाहिलं नव्हतं. भाजी, दूध, दळण, सगळं तिचा नवरा हितेंद्रच बघायचा. माझगावच्या गोदीतली ड्युटी संपवून येता येता तो सामान आणायचा, ओट्यावर ठेवायचा, आणि दर्शना ते डब्यांत भरायची. तेवढंच.

पूर्वी डिलाईल रोडच्या त्या चाळीत परबांची खोली वासावरून ओळखू यायची. दर्शना घरी केक करायची. वाढदिवस कुणाचाही असो, केक दर्शनाकडचाच. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिची मुलगी वैदेही तापाने गेली. सात वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत पोर हातातून गेली. चाळ रडली, हितेंद्र भिंतीवर डोकं आपटून रडला, दर्शना मात्र रडली नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय, उशिरा रडेल. ती उशिराही रडली नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटेनासा होतो, तसं तिला सगळं अंगच वाटायचं. जिभेची चवसुद्धा गेली. आमटीत मीठ आहे की नाही हे ती हितेंद्रच्या तोंडाकडे बघून ठरवायची. ओव्हनवर तिने जुनी चादर टाकली, ती तशीच राहिली.

मग ऑक्टोबर संपता संपता शेजारची प्रिती कांबळे एका सकाळी दारात येऊन उभी राहिली. ती बँकेत होती, घाईत होती.

"दर्शनाताई, पोरं डोकं खातायत माझं. शाळेत ते हॅलोविन का काय झालं ना, तेव्हापासून भुताची बिस्किटं हवीत. मला चपाती धड गोल येत नाही. तुम्ही कराल?"

"ओव्हन बंद आहे."

"बिघडलाय?"

"नाही. बंद आहे."

प्रिती निघाली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, आमची मानसी अजून एकटीच खेळते हो. वैदेहीची जागा ठेवून खेळते. शेजारी पाट मांडते, अर्धं चॉकलेट बाजूला काढते. धम्मपाल म्हणतात, लहान आहे, विसरेल. पण मला बघवत नाही. तुमच्याकडे चार पोरांत बसली तर..."

दर्शना 'बरं' म्हणाली. मुलांसाठी म्हणाली असं नाही. नाही म्हणायला थोडा तरी जोर लागतो, तेवढाही तिच्यात नव्हता.

ती खाली उतरून लोणी आणि बदाम घेऊन आली. दुपारी मुलं आली. मानसी, वरच्या मजल्यावरचा ध्रुव, आणि कोपऱ्यातल्या खोलीतली दोघं जुळी भावंडं. समोर टॉवर उठत होता, त्याची हिरवी जाळी खिडकीवर आल्यापासून परबांच्या स्वयंपाकघरात दुपारीही संध्याकाळ असायची. दर्शनाने चादर काढली, ओव्हन पुसला, खाली वर्तमानपत्रं पसरली. मैदा, लोणी, पिठीसाखर मळून गोळा केला. हात आपोआप चालत होते. दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत तसे ती ते बघत होती.

"चेटकिणीची बोटं करूया," ती म्हणाली. "आपल्या बोटासारखी वळी करा. सुरीने पेरांच्या रेघा पाडा. टोकाला बदाम दाबा, ते नख."

"आणि रक्त?" ध्रुवने विचारलं.

"भाजून झाल्यावर जॅम लावू."

मुलं खूश झाली. आपलं बोट शेजारी ठेवून मापाने वळ्या करू लागली. जुळ्यांची बोटं लाटण्याएवढी जाड झाली. ध्रुवने एका बोटाला मस काढला. मानसी मात्र जरा बाजूला, मोरीच्या भिंतीशी सरकून बसली होती. तिच्या आणि भिंतीच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती. ती मान वाकवून पुटपुटत होती, मधेच थांबत होती, आणि परत पुटपुटत होती. दर्शनाने ऐकलं. कविता पाठ करत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

ताट ओव्हनमधे गेलं तेव्हा ध्रुव म्हणाला, "काकू, लाईट बंद करा ना. मजा येईल."

तिने ट्यूब बंद केली. ओव्हनचा पिवळा दिवा तेवढा राहिला. काचेला नाकं लावून मुलं बसली. आत बोटं ओळीने निजलेली, हळूहळू फुगत होती. गिरणीच्या जागी झालेल्या मॉलकडची गाड्यांची घरघर लांबून येत होती. नळाचा थेंब मोरीत पडत होता. लोण्याचा वास भरत गेला, साखर करपायच्या आधीचा तो जड वास. आणि त्याच्या आतून दुसरा एक वास वर आला. ओल्या फडक्याचा. तापलेल्या कपाळावर पट्टी ठेवतात, ती कडेने वाळत जाते आणि मधे ओली राहते, तिला येतो तसा.

दर्शनाने तो ओळखला. तिने तो किती रात्री हुंगला होता. ती उठली नाही. काचेकडे बघत राहिली.

"काकू..." जुळ्यांपैकी मुलगी म्हणाली. "ते कोणाचं आहे?"

"कुठलं?"

"ते. मागच्या कोपऱ्यातलं."

दर्शनाने ताट बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं. सगळ्या वळ्या भाजताना पसरल्या होत्या, रेघा बुजल्या होत्या, पसरतातच. मागच्या कोपऱ्यातली एक पसरली नव्हती. बारीक, आखूड, करंगळीएवढी. वरच्या पेराशी आतल्या बाजूला वाकलेली. पेरांवरच्या सुरकुत्या सुरीने पाडल्यासारख्या नव्हत्या. बदामाचं नख एका बाजूने कुरतडलेलं होतं.

हितेंद्रची करंगळी तशी वाकडी आहे. वैदेहीची तशीच होती. आणि ती नखं खायची, कितीही ओरडलं तरी.

"कोणी केलं हे?" दर्शनाने विचारलं. आवाज नेहमीसारखाच आला.

ध्रुवने मान हलवली. जुळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते माझं आहे," मानसी म्हणाली. "म्हणजे माझ्यासाठी आहे."

"तू केलंस?"

"नाही. मला दिलंय."

दर्शनाने ट्यूब लावली. ध्रुवला आणि जुळ्यांना त्यांची बोटं कागदात गुंडाळून दिली, जॅमची बाटलीही दिली, आणि गॅलरीत बसून रंगवा म्हणाली. मुलं गेली. मग ती मानसीसमोर खाली बसली.

"काय सांगितलंय तिने?"

मानसी वर्तमानपत्राचा कोपरा चुरगाळत राहिली. "ती म्हणाली, कुणाला सांगू नको."

"मी तिची आई आहे गं."

हे बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून आलं होतं. मानसीने क्षणभर भिंतीशी असलेल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"ती म्हणाली, माझं बोट खाल्लंस ना... की तू माझं बोट धरलंस. मग मी तुला घेऊन जाणार."

"कुठे?"

"ती राहते तिथे. तिथे कोणीच नाहीये काकू खेळायला. खूप मोठ्ठं आहे, पण कोणीच नाही..." मानसी हळूच म्हणाली, "आई पण नाही."

नळाचा थेंब पडायचा थांबला होता.

वैदेही वाईट नव्हती. कधीच नव्हती. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की मिळालेल्या चॉकलेटमधलं अर्धं मानसीसाठी खिशात वितळवत आणायची. ती आताही तशीच होती. एकटं राहवत नव्हतं, म्हणून मैत्रिणीला बोलवत होती. आपण कुठे बोलावतोय, हे तिला काय कळणार? दर्शनाला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. रडू यायला हवं होतं. तेही आलं नाही. एवढंच कळलं की गरम भांडं मुलाच्या हाताला लागेल असं ठेवलं गेलंय आणि ते उचलायला हवं.

ती उठली, वळली, आणि ताटाकडे पाहते तर बोट होतं, नख नव्हतं.

मानसीची मूठ तोंडापासून खाली आली. तिचा गाल हलला.

दर्शनाने एका हाताने तिची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तोंडात घातलं आणि बदाम ओढून बाहेर काढला. ओला होता, अजून चावलेला नव्हता. मानसी घाबरली, रडायला लागली. दर्शनाने तो बदाम आपल्या तोंडात टाकला. मग ताटातलं बोट उचललं आणि उभ्या उभ्या, सावकाश, पेर पेर करून खाल्लं. शेवटचा तुकडा गिळून ती भिंतीशी असलेल्या त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून म्हणाली, "मानसीला सोड बाळा. मी आहे ना."

बोट गोड होतं. तिला ते गोड लागलं. वर्षानंतर पहिल्यांदा काहीतरी लागलं.

दिवेलागणीला मानसीच्या अंगात ताप भरला. प्रिती बँकेतून आली ती पोरीला मांडीवर घेऊनच बसली. तिच्या नवऱ्याने, धम्मपालने, डॉक्टरला आणलं, डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, बघू उद्या. दर्शना त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. पट्टीचा वास दारापर्यंत येत होता.

"ताई, काही खाल्लं का हिने तुमच्याकडे?" प्रितीने विचारलं. तिच्या विचारण्यात आरोप नव्हता, नुसती काळजी होती.

"नाही," दर्शना म्हणाली. "मी खाऊ दिलं नाही."

सकाळी ताप उतरला. मानसीने चहाबरोबर दोन खारी खाल्ल्या आणि टीव्ही लावून मागितला. त्या दिवसापासून तिने शेजारी पाट मांडणं सोडलं. प्रिती दर्शनाचे हात धरून म्हणाली, "तुमच्याकडे आली आणि सुटली बघा. काय जादू केलीत?" मानसी आईच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "वैदेही आता खेळायला येत नाही काकू. म्हणाली, माझं मिळालं मला."

दर्शनाने वाट पाहिली. भीती नव्हतीच, नुसती वाट. रात्री झाल्या, सकाळी झाल्या. काही झालं नाही. दिवाळी आली, हितेंद्रने दारात एक कंदील लावला, तो जळत राहिला आणि उतरवलाही. मग एका दुपारी भांडी घासताना तिला कळलं की उजव्या हाताचं पहिलं बोट गरम आहे. गार पाण्यात धरलं तरी गरम. चारी बाजूंनी कुणी मुठीत धरल्यासारखं, सैल पण न सोडता.

झोपताना ती उजवा हात पलंगाबाहेर, खाली सोडू लागली. हितेंद्रने एकदा पाहिलं.

"हात आत घे गो. पंख्याखाली गारठतलो."

"राहू दे," ती म्हणाली.

तो बघत राहिला. विचारायचं होतं त्याला, पण या घरात विचारणं केव्हाचं थांबलं होतं. "जेवणाक चव होती आज," तो एवढंच म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

आता सामान ती स्वतः आणते. चाळीला बरं वाटतं, दर्शना माणसांत आली म्हणतात. संध्याकाळी ती खाली उतरते तेव्हा पिशवी डाव्या हातात असते आणि उजवा हात अंगापासून जरासा सुटलेला. पावलं लहान पडतात. गल्लीच्या तोंडाशी आलं की बोटाला ओढ लागते. बाजाराकडे नाही, रेल्वेच्या पुलाकडे. सुरुवातीला ती अगदी हलकी असायची, हट्ट करण्याआधी मूल नुसतं सुचवून बघतं तशी. आता तशी राहिली नाही. दर्शना तिथे थांबते, ओठ न हलवता म्हणते, "आज नको. बाबांची नाईट आहे. उद्या." कधी म्हणते, "बाबांचे कपडे धुवायचे राहिलेत. उद्या." ओढ थोडी सैल होते. पुरती सुटत नाही.

काल कोपऱ्यावरच्या दुकानात ती साखर घ्यायला उभी होती. दुकानदार नवा आहे, महिन्याभरापूर्वी आलेला. त्याला चाळीतलं कुणी ठाऊक नाही, कुणाच्या घरी काय झालं ते ठाऊक नाही. त्याने साखर बांधली, सुटे पैसे दिले. मग बरणीत हात घालून एक लिमलेटची गोळी काढली, काउंटरवर छाती टेकून वाकला आणि हात खाली, दर्शनाच्या कमरेच्याही खाली नेला.

"ले बेटा," तो हसून म्हणाला.

दर्शनाने खाली पाहिलं नाही. ती समोरच्या फळीवरच्या साबणांकडे पाहत उभी राहिली.

दुकानदाराचा हात वर आला. तो रिकामा होता. त्याने तो शर्टाला पुसला आणि मागच्या गिऱ्हाईकाला विचारलं, "आप को क्या दूँ?"