आडवा हात

दयाराम हिवराळे यांची सारी नोकरी माणसाच्या आतले फोटो काढण्यात गेली. खामगावच्या सरकारी दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे. पेशंटला मशीनसमोर उभं करायचं, हनुवटी वर, हात कमरेवर, "श्वास घ्या, धरा" म्हणायचं, बटण दाबायचं, मग "सोडा". आत हाडं असतात, फुप्फुसं असतात, कधी पाणी, कधी एखादा डाग. याहून वेगळं काही कोणाच्या आत त्यांना दिसलं नाही. पेशंटच्या दंडाला बांधलेला गंडादोरा ते स्वतः कात्रीनं कापायचे आणि नातेवाइकांना हसत बाहेर बसवायचे. भूतबित त्यांच्याकडे चालत नव्हतं.

असा माणूस, आणि त्याच्या बायकोचा धड एक फोटो घरात नसावा, आता काय म्हणावं.

बेबीताईंना फोटोचं वावडंच होतं. कोणी मोबाइल उचलला रे उचलला की त्यांचा डावा हात चेहऱ्यासमोर आडवा यायचा, तळवा बाहेर, बोटं पसरलेली. "नोको काढू बाप्पा, माह्यं तोंड काय पाहाचं हाय," असं म्हणायच्या. ओल्या अंगणात पडून तो हात एकदा मनगटात मोडला होता आणि जुळताना वाकडाच जुळला होता, त्यामुळे लांबूनही ओळखू यायचा. त्या मनगटाचा एक्स-रेही दयारामांनीच काढलेला. लेक मंजुश्री लहानपणी म्हणायची, आईच्या तोंडाला शटर आहे.

नवऱ्याच्या मशीनसमोर मात्र त्या खुशाल उभ्या राहिल्या. खोकला हटेना तेव्हाची गोष्ट, दयारामांच्या नोकरीचे शेवटचे दिवस होते. "याच्यात तोंड येत नाही ना? मंग काढा." छातीची फिल्म हातात आली तेव्हा हसून म्हणाल्या, "धर, सोड. घरी कधी इतकं गोड बोलत नाही तुमी." त्या फिल्ममध्ये पाणी दिसत होतं. दयाराम हसले नव्हते.

बेबीताईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. चेहरा म्हणावा असा घरात दोनच जागी उरला होता. एक आधार कार्डावर, कारण तिथे कोणाचं काही चालत नाही. दुसरा मंजुश्रीच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, फोटोग्राफरनं बेसावध पकडलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

आणि तिसरा गावाबाहेर, मायभूमी पार्कमध्ये.

नांदुरा रस्त्याला हा पार्क झाला, तेव्हा बेबीताई तिथे रोपं लावायच्या कामावर होत्या. पुढच्या भागात झुकझुक गाडी, पाण्याच्या घसरगुंड्या. मागच्या भागात फायबरच्या पुतळ्यांचं आख्खं गाव. कुंभार, लोहार, विहिरीवरच्या बाया, बाजार, कापसाचं वावर. मूर्तिकार रंगराव आजूबाजूच्या माणसांच्याच चेहऱ्यांचे साचे घेत होता. फोटोला हात आडवा करणारी ही बाई त्याला हो म्हणाली, याचं दयारामांना तेव्हा नवल वाटलं होतं. "डोये मिटून पडाचं असते. कोनी पाहात नाही," एवढंच त्यांचं कारण. रंगरावानं चेहऱ्याचा साचा घेतला, हातांचाही घेतला. वाकड्या मनगटासकट बेबीताई कापूस वेचत उभ्या राहिल्या. उजवा हात बोंडावर, डाव्या हातात कापूस भरायला कमरेला बांधलेल्या ओटीचं टोक.

दर रविवारी दयाराम त्या वावरासमोरच्या बाकावर येऊन बसत. तिथे फोटो काढायला बंदी नव्हती, उलट लोक ओटीत हात घालून सेल्फी काढत. दयारामांनी मात्र कधी मोबाइल बाहेर काढला नाही. काढायचा कोणाचा? पार्कवाल्यांनी पुतळ्याला लालभडक ओठ, काजळ आणि हसू रंगवलं होतं. बेबीताई जन्मात तशा हसल्या नव्हत्या. त्या रंगाखाली कुठेतरी आपली बायको आहे, एवढ्यावर दयाराम बसून राहायचे आणि ऊन कललं की ऑटोनं घरी जायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी वावर रिकामं दिसलं. सिमेंटात नुसते बोल्ट उरले होते.

"डागडुजीले नेली," झाडणाऱ्या बाईनं सांगितलं. "मांगच्या शेडात हाय."

शेडच्या दारावर पाटी होती: आत प्रवेश व फोटो काढण्यास मनाई. मध्यंतरी कोणा पोरानं आत शिरून मुंडकं काढलेल्या कुंभाराचा फोटो नेटवर टाकला होता. लहान मुलं कुंभाराजवळ जायला रडू लागली आणि मॅनेजरनं ही पाटी लावली. दयारामांना ती पाटी पोरकट वाटायची. आतलं दिसलं म्हणून काय बिघडतं, असं त्यांचं मत. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

आत पत्र्याखाली धग होती. थिनरचा वास नाकात बसत होता. कुंभाराच्या मानेतून लोखंडी सळई वर आली होती. बाकी सगळे पुतळे भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिक्षा केलेल्या पोरांसारखे. रंगराव एका बैलाचं शिंग घासत होता. त्यानं दयारामांना ओळखलं, स्टूल पुढे केलं आणि बेबीताईंचा पुतळा नुसत्या मानेनं दाखवला.

दयाराम भिंत आणि पुतळा यांच्या फटीत शिरले.

रंग सगळा खरवडून काढला होता. खाली होता तो साच्यातून उतरलेला चेहरा, जसाच्या तसा. नाकपुडीजवळ देवीचा वण. मिटलेल्या पापण्या. झोपेत व्हायचे तसे किंचित उघडे ओठ. वर्षभर आठवायला बसलं की जे निसटायचं ते सगळं तिथे होतं. दयारामांना भडभडून आलं.

"रंगरावभाऊ, एक फोटू काढू द्या."

"बाहीर उभी केली का कितीबी काढा."

"बाहीर हे तोंड रायते का? उद्या तुमी पुट्टी लावसान, मंग गेलं ना हे."

रंगरावानं पॉलिशपेपर खाली ठेवला. "इथं नाही काढाचा."

"मॅनेजरचा हुकूम हाय म्हनून?"

"त्याले धंद्याचं पडलं हाय. माह्यं म्हननं येगळं हाय. बाहीर हे लोक रंगून-नटून दिवसभर फोटूले उभे रायतात. इथं उघडे असतात. म्हनून तर मी त्यायचं तोंड भितीकडं करून ठेवतो. कोनाच्या न्हानीत जाऊन फोटू काढता का तुमी?"

"मी काय बाहीरचा मानूस हाय? बायको हाय ते माही."

"मंग तिले इचारा," रंगराव म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

तेवढ्यात त्याला मॅनेजरचं बोलावणं आलं. जाताना त्यानं दारातून एकदा मागे पाहिलं.

शेडात पंख्याची घरघर तेवढी उरली. भिंतीशी उजेड नव्हता. फटीतून फोटो येत नव्हता. दयारामांनी पुतळ्याला खांद्याला धरलं आणि उजेडाकडे वळवलं. पुतळा हलका होता, सहज वळला. विचारायचं त्यांना आठवत होतं, बरं का. आठवत असूनही त्यांनी विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं. आता हात आडवा यायचा नव्हता.

मोबाइल उचलला तेव्हा सवयीनं तोंडातून निघालं, "धर."

फोटो निघाला. बाहेर चपला वाजल्या. दयारामांनी घाईनं पुतळा परत भिंतीकडे वळवला आणि मोबाइल खिशात घातला. दुसरा शब्द राहूनच गेला.

संध्याकाळी त्यांनी फोटो पुण्याला मंजुश्रीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. ती रडत होती, हसतही होती. मग म्हणाली, "बाबा, आईनं ओटी काऊन सोडली पण?"

"कुठी सोडली? धरून तं हाय."

"नाही ना. हात वर हाय."

त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. डावा हात ओटीवर नव्हता, छातीपाशी होता. शेडात तो ओटीवरच होता, हे ते शपथेवर सांगू शकले असते. उभं राहायचा कोन चुकला की सावल्या फसवतात, त्यांनी मंजुश्रीला समजावलं. एक्स-रेतही असं होतं.

सकाळी हात हनुवटीपाशी होता.

नवे मोबाइल फोटोआधीची हालचालही टिपतात, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. चहा करताना ते हेच स्वतःला सांगत राहिले. पण फायबरचा पुतळा हलणार कुठून, हे काही त्यांच्याच्यानं स्वतःला सांगवेना.

दुपारी तळवा पूर्ण बाहेर आला होता, बोटं पसरलेली. मागे चेहरा नव्हता, नुसता कानाचा काठ दिसत होता. मंजुश्रीकडच्या फोटोतही तेच. "बाबा," ती फोनवर म्हणाली, "तुमी काढून टाका तो फोटो. आईले नाही आवडत."

रविवारी ते पार्कात गेले तेव्हा बेबीताई जागेवर होत्या. उजवा हात बोंडावर, डाव्यात ओटी. दयाराम घाईनं वावरात शिरले आणि चेहऱ्याजवळ वाकले. नवा रंग, काजळ, तेच हसू. पण ती कोणीही बाई होती. वणाच्या जागी त्यांनी बोट फिरवलं, तर ते गुळगुळीत काचेवरून फिरावं तसं फिरलं.

रंगराव बाकाजवळ येऊन उभा होता.

"लय पुट्टी लावली तुमी," दयाराम म्हणाले.

"लावलीच नाही. सोमवारी पाह्यलं तं तोंड कोरं होतं. मी अंदाजानं डोये काढले." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "काढला ना फोटू?"

"हाव."

"इचारलं होतं?"

दयारामांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना वाटलं हा आता रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. रंगराव वावराकडे एकदा पाहून निघून गेला.

"चुकलं माह्यं," दयाराम त्या कोऱ्या बाईला म्हणाले. तिथेच बाकावर बसून त्यांनी फोटो मोबाइलमधून काढून टाकला. मंजुश्रीलाही तिच्याकडचा काढून टाकायला लावला. आता झालं, असं त्यांना वाटलं.

घरी आले. पाणी प्यायला उभे राहिले आणि भिंतीवर नजर गेली.

लग्नाच्या फोटोत, मागच्या रांगेत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या चेहऱ्याच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा तळवा होता.

आधार कार्ड त्यांनी लगेच काढलं नाही. बराच वेळ कपाटासमोर उभे राहिले. मग काढलं, पाहिलं आणि उपडं ठेवलं.

एक गोष्ट उरली होती. कपाटाच्या तळाशी, दवाखान्याच्या खाकी पाकिटात. यात तोंड येत नाही. हा एकच फोटो तिनं आपणहून काढू दिला होता, हसत. हा तरी माझा, दयाराम मनात म्हणाले.

त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली.

बरगड्या होत्या. गळ्याचं हाड होतं. उजव्या फुप्फुसाखाली पाणी होतं. दोन्ही हात तेव्हा कमरेवर ठेवायला लावले होते, त्यामुळे फिल्मवर हात यायचं कारण नव्हतं.

डावा आला होता. कोपरापासून निघालेली दोन हाडं बरगड्यांवरून तिरकी वर गेली होती. वर मनगट होतं, वाकडं जुळलेलं. ते त्यांनी ओळखलं.

"सोड," ते हळूच म्हणाले.

मनगटाच्या पुढे तळव्याची हाडं सुरू होत होती, आणि तिथेच, हनुवटीच्या खाली, फिल्म संपत होती.