एकोणतिसावं उत्तर

मुलं मला पाठीमागे भोंगा म्हणायची. बावीस वर्षं विज्ञान शिकवताना माझा आवाज तीन वर्ग पलीकडे जायचा, आणि मला त्याचा उघड अभिमान होता. स्वरयंत्रावरची गाठ काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे तोंडातून ब्रही काढायचा नाही."

"म्हणजे घराला सुट्टी लागली," नवरा म्हणाला. मी हसले, पण आतून टरकले होते. आवाज परत आलाच नाही तर मी शिकवणार कशी?

रजा शिल्लक नव्हती. संगणकाच्या सरांनी तोडगा काढला. प्रश्न मी पडद्यावर टाकायचा, मुलांनी टॅबवर उत्तरं लिहायची आणि ती नावांशिवाय लगेच पडद्यावर उमटायची. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस टॅब. एकोणतिसावा फुटलेला, म्हणून कुलूपबंद कपाटात ठेवला होता. किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची.

पहिला पाठ ध्वनीचा. 'आवाज कुठून येतो?' मी विचारलं. काचांवर बोटं टकटकत राहिली. कोपऱ्यातला उत्तरांचा आकडा अठ्ठावीसवर थांबला. मग एकोणतीस झाला.

'थरथरल्याशिवाय कुणी बोलत नाही, बाळांनो. गळ्याला हात लावा बरं.'

हे माझं वाक्य. दरवर्षी मी ते इथेच म्हणते. या मुलांनी मात्र ते कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्याने गळ्याला हात लावला.

कुणाच्या तरी ताईने सांगितलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. संगणकाच्या सरांनी यादी पाहिली. "मॅडम, जोडलेले टॅब अठ्ठावीसच आहेत." मी कपाट उघडलं. फुटलेल्या टॅबची बॅटरीच काढलेली होती. काच मात्र कोमट लागली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक वाक्य मनात जुळवलं, कधीच न म्हटलेलं. ते अक्षरन् अक्षर पडद्यावर आलं: 'खिडकीजवळच्या, चष्मा पूस, जग स्वच्छ दिसेल.'

खिडकीजवळच्या मुलाने चष्मा पुसला.

घाबरायला हवं होतं. अंगावर काटा आला खरा, पण मला भरून आलं. इतक्या वर्षांत मुलांनी माझं बोलणं इतक्या तन्मयतेने ऐकलं नव्हतं. उरलेले आठवडे मी मनात बोलत गेले, ते पडद्यावर उमटत गेलं, आणि वर्गात श्वाससुद्धा ऐकू यायचा.

मग तपासणीचा दिवस आला.

"जखम छान भरली आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणा, आ."

मी तोंड उघडलं. बोटांखाली गळा थरथरला.

काहीच ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा आत बॅटरीचा उजेड टाकला. "कंप तर होतोय," ते पुटपुटले. "मग आवाज जातोय कुठे?"

नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात फोन वाजला. माझा तास सांभाळणाऱ्या संगणकाच्या सरांचा निरोप होता: 'मॅडम, मी अजून प्रश्न टाकलाच नाही. तरी हे आलं.'

सोबत वर्गाचा फोटो. पांढऱ्या पडद्यावर एकच अक्षर होतं: आ.

खाली अठ्ठावीस मुलांनी आपापल्या गळ्याला हात लावला होता.