दर बुधवारी दाताचे डॉक्टर

"दाताचे डॉक्टर हल्ली मागच्या जिन्यात बसतात वाटतं?"

मी दचकले. कपातला चहा बाहीवर सांडला. समोर वरच्या मजल्यावर इमारतींचे नकाशे काढणारा नकाशेवाला उभा — कानामागे पेन्सिल, हातात चहा, ओठांत दाबलेलं हसू.

भेटीची वेळ ठरवायचं नवं सॉफ्टवेअर आल्यापासून आमच्या ऑफिसात कुणीही उठायचं आणि दुसऱ्याच्या कॅलेंडरवर मीटिंग टाकायचं. श्वास घ्यायला फट मिळावी म्हणून मी दर बुधवारी चार वाजता 'दाताचे डॉक्टर' असं लिहून ठेवलं होतं. ते सगळ्या ऑफिसला दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चुगली करणार?"

"छे! मीसुद्धा पेशंटच. आजपासून."

मग दर बुधवारी आमचे दात दुखू लागले. तो नकाशातल्या खिडक्यांबद्दल बोलायचा, मी जमाखर्चातल्या घोळांबद्दल. तो मला आवडायला लागला होता. उगाच आढेवेढे कशाला घ्या?

तेवढ्यात ऑडिट आलं. मान वर करायला फुरसत उरली नाही, बुधवारही बुडाले. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती — आलेलं प्रत्येक निमंत्रण परस्पर नाकारायची. मी ती चालू केली आणि साफ विसरले.

ऑडिट संपलं त्या दुपारी शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, "अगं, तुझा नकाशेवाला चालला की दुसऱ्या शहरातल्या शाखेत! आत्ताच मॅडमना होकार द्यायला गेलाय."

 मला एका शब्दानं सांगितलं नाही? रागारागानं कॅलेंडर उघडलं, नाकारलेली निमंत्रणं पाहिली... आणि गारच पडले.

'जिन्यात पाच मिनिटं?' नकार.

'शाखेबद्दल विचारायचंय.' नकार.

'जाऊ का? एवढंच सांग...' नकार.

प्रत्येक नकाराखाली माझं नाव होतं.

मी धावत वर गेले. आमच्या शाखाप्रमुख मॅडमच्या काचेच्या केबिनमध्ये तो पाठमोरा बसला होता. मी टकटक करायला हात उचलला, तर मॅडमनी नुसतं बोट हलवलं — थांबा! त्यांच्याकडे वेळ घेतल्याशिवाय कुणाला प्रवेश नाही.

तिथंच उभ्यानं मी त्याला निमंत्रण पाठवलं. 'आत्ता. जिन्यात. विषय : ते नकार माझे नव्हते. जाऊ नकोस.'

आत त्याचा फोन उजळला. त्याच क्षणी माझ्या फोनवर उत्तर आलं.

नकार.

 आत मॅडम उठल्या, हसत त्याच्याशी हात मिळवला. संपलं सगळं. मी मागच्या जिन्यात जाऊन बसले आणि डोळे भरून आले.

दार करकरलं.

"फारच दुखतोय का दात?"

"जा तू! नकार दिलास ना?"

"मी?" त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "मी मीटिंगमध्ये असलो की हा परस्पर नाही म्हणतो. तुझे नकारही असेच आले, हे आत्ता कळलं."

मला रडता रडता हसू आलं. "तीनदा निमंत्रणं पाठवलीस. एक फोन करता येत नव्हता?"

"तीनदा 'नाही' ऐकल्यावर? थोडी लाज असते गं माणसाला."

"आणि मॅडमशी हात मिळवलास तो?"

"तुझं निमंत्रण वाचलं आणि सांगून टाकलं, जात नाही. कारण विचारलं त्यांनी. म्हटलं, दाताची ट्रीटमेंट अर्धवट राहील. हसून त्यांनीच हात पुढे केला." तो शेजारच्या पायरीवर बसला. "आता तोंडानं सांग. सॉफ्टवेअर नको."

"आवडतोस तू मला... खूप."

  त्यानं फोन काढून दोघांच्या कॅलेंडरवर दर बुधवार, चार वाजता, मागचा जिना असं टाकलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, कधीपर्यंत?

त्यानं फोन माझ्या हातात दिला. तारखांच्या खाली 'शेवट नाही' असा एक पर्याय होता. मी तो माझ्या बोटानं दाबला.