घोणसाच्या विषाची नळी

लता पगारे चप्पल न काढताच घरात घुसली. "सुलाबाई, मला चोर ठरवलंय हो! चार वाजता कॉलेजात समिती बसतेय. गप्प बसले तर तीन वर्षांचं संशोधन गेलं!"

त्र्याऐंशी सालची गोष्ट. सुलाबाई खासगी तपास करायच्या आणि भाचा नाथा त्यांना रिक्षातून फिरवायचा. रिक्षा सुसाट, डोकं जरा सावकाश.

"काय चोरलंस?" नाथाने विचारलं.

"मीच बनवलेलं! घोणसाच्या विषातलं एक एन्झाइम, त्याचे स्फटिक. एक्स-रेने फोटो काढले की आतली रचना कळते, प्रथिनाचा धागा कसा दुमडलाय ते."

"विष तर पिवळं असतं ना?"

"तो रंग दुसऱ्या एन्झाइमचा. त्याच्या घडीत पिवळा रेणू अडकलेला असतो. ते मी आधीच वेगळं काढते. परवा खंडेराव सरांना, माझ्या मार्गदर्शकांना, माझ्या पिशवीत नळी मिळाली म्हणे! मला दाखवलीसुद्धा नाही. लॅबमध्येही पाऊल टाकू देत नाहीत."

कॉलेजच्या दारातच भिकन भेटला, इगतपुरीकडचा साप पकडणारा. "ताई अन् चोर? नाय वो! विष मीच आणतो. वाळलं का हळदीवानी पिवळं. परवा सरांनीबी थोडं नेलं, पाव्हण्यांना दाखवायला."

लता लॅबबाहेरच थांबली. आत खंडेराव सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "माझ्या हातांनी शुद्ध केलेलं एन्झाइम! हे बघा." नळीत पिवळेधम्मक दाणे.

सुलाबाईंनी फ्रीज उघडला. मागे एक नळी होती. नाव नाही, नुसता आकडा. आत पांढरे कण. "हे काय?"

"मीठबीठ असेल. फेकायचंय."

नाथाला वाटलं, संपलं, हरलो आपण!

चार वाजता सुलाबाई समितीपुढे उभ्या राहिल्या. "चोरी झालीच नाही. सरांनी भिकनकडचं कच्चं विष लताच्या पिशवीत टाकलं. शुद्ध एन्झाइम पिवळं नसतंच! ज्याने ते कधी बनवलं नाही, त्यालाच हे ठाऊक नसणार. खरी नळी ही, लताच्या आकड्याची. फ्रीजमध्ये समोर होती, तिला सर मीठ म्हणाले."

"पुरावा?" सर गरजले.

"अंडं आणा," लता म्हणाली.

तिने दोन नळ्यांत पातळ केलेला बलक घेतला, एकीत ते पांढरे कण टाकले. थोडा वेळ थांबून दोन्ही उकळत्या पाण्यात धरल्या. साधा बलक दोन मिनिटांत गोठला. दुसरा पातळच!

"हे एन्झाइम बलकातली चरबी तोडतं, मग तो उकळूनही गोठत नाही. मीठ असतं तर हाही गोठला असता, सर."

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "गैरसमज झाला गं. पेपरवर दोघांची नावं घालू. तुझं आधी."

"घे मुली, मोठ्या मनाने," अध्यक्ष म्हणाले.

"नाही. नाव एकच जाईल. आभार भिकनदादाचे."

"अगं, मार्गदर्शक तेच आहेत. त्यांची सही लागेल!" अध्यक्ष म्हणाले.

"मग मार्गदर्शक बदला," लता म्हणाली. "मी बदलणार नाही."