चौथ्या न्हाणीची कडी

ही घटना खरी आहे. जिच्यावर ती गुदरली, ती शांता माझी आई. तिला जाऊन सव्वा महिना झाला. ती होती तोवर मी हे कुणाला सांगितलं नाही.

जानेवारी १९५६. परळ, भोईवाड्याच्या अलीकडचं एक मंगल कार्यालय. तिथला मुदपाकखाना आणि मागच्या चार न्हाण्या धुण्याचं काम शांताकडे होतं.

तिची एक पद्धत होती. न्हाणी फिनेलनं धुतली की बाहेरून कडी घालायची. ओल्या फरशीवर कुणाचे पाय उठायला नकोत.

त्या दुपारी चारही न्हाण्या धुऊन ती मुदपाकखान्यात बादली ठेवायला गेली.

तेवढ्यात रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार सुरू झाला.

ती कड्या घालायला परत धावली. फाटकावरून रखवालदार दत्ताराम ओरडला, "शांते, टाक ते नि घर गाठ. तुझ्या नवऱ्याला मी काय सांगू?"

"उघड्या टाकल्या तर उद्या तुम्हीच कोकलाल, दादा."

एक, दोन, तीन, चार. तिनं कड्या घातल्या. आत डोकावली नाही.

पाठ वळली... आणि धड्, धड्, धड्.

बाहेर गोळ्या चालल्यात, असं मनाशी म्हणून ती पळाली.

तिसऱ्या दिवशी संचारबंदी सैल झाली. चौथ्या न्हाणीत लवू नावाचा माणूस मेलेला सापडला. गिरणी कामगार. पोटात गोळी. लपायला मागच्या दारानं शिरला असावा. आतून दार रक्तानं माखलेलं.

शांतानं प्रेताकडे पाहिलं नाही. दत्ताराम म्हणाला, "आत आला नि गेला. तू कडी घातलीस तेव्हा मेलेलाच होता बघ."

शांताला तेवढंच खरं असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात लग्न होतं. न्हाणी धुणं भाग होतं.

तिनं सोडा टाकला. काथ्यानं घासलं. पाणी ओतलं... लाल. पुन्हा ओतलं... लालच.

मागे दार आपटलं.

बाहेरून कडी पडली.

"दादा, मस्करी पुरे."

बाहेर बांगड्या किणकिणल्या... आणि एक आवाज आला.

"उघड्या टाकल्या तर उद्या तुम्हीच कोकलाल, दादा."

तो शांताचाच आवाज होता.

त्याच क्षणी तिच्या पोटात तापलेली सळई घुसावी तशी कळ आली. ती फरशीवर कोसळली. तळव्याखाली गरम, चिकट काहीतरी पसरत गेलं. तिनं दारावर मुठी आपटल्या. धड्, धड्, धड्.

बाहेरची पावलं थबकली.

मग पळत लांब गेली.

ती किंचाळत राहिली. दार ओरबाडत राहिली.

दत्तारामनं दार उघडलं तेव्हा ती कोपऱ्यात पडली होती. पोटावर ओरखडासुद्धा नव्हता. उजव्या हाताची तीन नखं मात्र मुळापासून उपटली होती.

"कडी कुणी घातली गो?" त्यानं विचारलं. कार्यालयात तिसरं कुणीच नव्हतं.

आठवड्यानं लवूची बायको कौसल्या शांताच्या चाळीत आली. पायरीवरच बसली.

"बाय, खरं सांगा. त्यांना खूप वेळ लागला काय?"

"नाही हो. आत आले नि गेले. कळलंसुद्धा नसेल."

कौसल्याचा चेहरा सैल पडला. तिनं शांताचा हात हातात घेतला. बोटांवरची चिंधी सुटली.

कौसल्या त्या बोटांकडे बघत राहिली.

नवऱ्याला शेवटची आंघोळ घालताना त्याचे हात तिनंच धुतले होते.

"ह्यांचीपण अशीच होती," ती म्हणाली. हात सोडला आणि जिना उतरून गेली.

आई पुढं तीस वर्षं तिथंच कामाला राहिली. चौथी न्हाणी दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही. आत गेली की बराच वेळ बाहेर यायची नाही.

मी एकदा दाराशी उभी राहून ऐकलं. ती एकटीच बोलत होती. मधेच थांबायची... कुणी काही विचारावं तशी.

मग हळूच म्हणायची, "हो. ऐकलं होतं."