पाणसळीतला बुडबुडा

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्यासोबत घडली आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण यात पदरचं काही घातलेलं नाही.

आणि यात अमावास्येची रात्र वगैरेही नाही. गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. दुपारचे साडेतीन. बनारसच्या पलीकडच्या काठावर, रामनगरला. लख्ख ऊन होतं.

मी मधुवंती. आमचं मराठी घर पिढ्यानपिढ्या काशीतच. पंचगंगा घाटावरच्या गल्लीत, तीन खोल्यांत नऊ माणसं. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मी साठ वर्षांची होते, आणि साठ वर्षांत एकदाही खोलीत एकटी झोपलेले नव्हते. आधी आजी, मग बहिणी, मग आजारी आई, मग भावाच्या मुली.

मला एकटीला झोपायचं होतं. एवढंच हवं होतं.

म्हणून छोटी कॅम्परव्हॅन करायची ठरवली. ज्यात चुलीपासून अंथरुणापर्यंत सगळं एका माणसापुरतं असेल.

"आत्या, अकेली जाणार तू?" भाची ऋताने विचारलं.

मी म्हटलं, त्यासाठीच तर.

तीन गाड्या पाहिल्या. पहिलीत मला ताठ बसता येईना. दुसरीचा पत्रा खालून गंजलेला. तिसरी यज्ञेश्वरकाकांची. काका आमच्या ओळखीतले तीर्थपुरोहित. यात्रेकरूंना काशीहून गयेला, पितरांच्या श्राद्धाला नेत. त्यांची सात सीटांची जुनी व्हॅन. इंजिन ठणठणीत, दार सरकतं. पाहताक्षणी आवडली.

आमच्या गल्लीत सायकल शिरताना मारामार, तिथे व्हॅन कुठली? ती रामनगरला रामसकल मिस्त्रींच्या अंगणात उभी राहिली. मिस्त्रींनी मागच्या सीटा काढल्या. उजवीकडे झोपायला फळी केली, खाली पाण्याचा कॅन, मागच्या दारापाशी शेगडी. डावी बाजू मी मोकळी ठेवली, पाय पसरायला.

आणि फळीच्या कडेला एक पाणसळ आडवी बसवून घेतली. गाडी तिरकी उभी असली तर झोप लागत नाही म्हणून. पाणसळ म्हणजे नळीतलं पाणी आणि त्यातला बुडबुडा. बुडबुडा मध्ये असला तर गाडी सपाट. उजवीकडे सरकला तर डावी बाजू दबलेली.

त्या गुरुवारी पहिल्यांदाच आत आडवी होणार होते. अंगण सिमेंटचं, अगदी सपाट. बुडबुडा मध्ये. मी चहा केला, बाहेर येऊन प्यायले, कप विसळला आणि खिडकीतून सहज आत पाहिलं...

बुडबुडा उजवीकडे गेला होता.

डाव्या चाकाखाली लाकडाची पाचर सारली. बुडबुडा मध्ये आला. आत जाऊन फळीवर पडले. मी उजवीकडे, म्हणजे आता तो डावीकडे जायला हवा.

गेला नाही.

मी श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग...

कर्र.

रेक्झिनची जुनी सीट वाजते ना, कुणी बसल्या जागी सरकलं की? तसं. समोरच्या मोकळ्या जागेतून.

तिथे सीट नव्हतीच.

डाव्या खिडकीचा पडदा मी स्वतः ओढला होता. तो अर्धा सरकलेला होता. बाहेर बघायला लागतो तेवढाच.

मी कशी उतरले ते आठवत नाही. मिस्त्रींना म्हटलं, तुमचं काम तिरकं झालंय. त्यांना राग आला. त्यांनी स्वतःची पाणसळ आणून फळी तपासली, खाली वाकून चाकं पाहिली.

"दीदी, पटरा हमारा सीधा है. बोझ उधर है. क्या रखी हैं उधर?"

"कुछ नहीं."

मिस्त्रींनी हातातली पाणसळ खाली ठेवली. मग म्हणाले, "उधर वाली सीट के पाये में कलावा बंधा था. लाल धागा. हमने काटा नहीं. सीट वैसी ही रखी है."

मी तशीच काकांकडे गेले. सीटचं नाव काढताच त्यांनी मान खाली घातली.

"छत्तीसगढकडचं कुटुंब होतं, मधू. वारलेल्या वडिलांना गयेला नेत होते. त्यांच्यात नारळ लाल कपड्यात बांधतात, त्यात पितर. त्याला स्वतःची सीट असते. तिथे दुसरं कुणी बसत नाही. गाडी थांबली की हात जोडून सांगायचं, बाबा, उतरा. निघताना सांगायचं, बाबा, चला."

"मग?"

"सासारामजवळ गाडी बंद पडली. पाऊस होता. दुसरी गाडी बोलावली. घाईत नारळ नेला त्यांनी... पण बाबांना कुणी उतरा म्हटलंच नाही. सांगायचं काम माझं होतं गं. मी टपावरचं सामान सोडत बसलो."

"हे माहीत असून गाडी मला दिलीत?"

काका अगदी सरळपणे म्हणाले, "तू एकटीच फिरणार होतीस. म्हटलं, बाईमाणूस आहे... तेवढीच सोबत."

मला भीती नंतर वाटली. आधी संताप आला. साठ वर्षांनी मिळालेली ती सहा फुटांची जागा, आणि त्यातही यांनी सोबत बसवून दिली होती.

"सीट परत लाव," काका म्हणाले. "गयेला ने. इज्जतीने उतरव. मी येत नाही. माझी हिंमत नाही."

म्हणजे माझा पहिलावहिला एकटीचा प्रवास दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांना घेऊन झाला. सीट लावली. कलावा तसाच ठेवला. चहाला थांबले की डाव्या खिडकीपाशी आधी एक कप ठेवायची. वाटेत मी चकार शब्द बोलले नाही. मागून मात्र मधूनमधून... कर्र.

दुपारी गयेला फल्गू नदीच्या काठावर गाडी लावली. सरकतं दार पूर्ण उघडलं. हात जोडले.

"बाबा, गया आ गया. उतरिए."

काही नाही.

मग गाडी एकदाच हलली. बुडबुडा सावकाश मध्ये येऊन थांबला.

मला रडू फुटलं. ते म्हातारे सुटले म्हणून, आणि मी सुटले म्हणूनही. दार तसंच उघडं टाकून मी पाऊण तास तरी पायरीवर बसून होते.

परतीचा प्रवास सुखाचा झाला. सासारामला मुक्काम केला आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी झोपले. गाढ झोपले. बुडबुडा मध्ये. मी चढले तरी मध्ये, उतरले तरी मध्ये. तसूभर हलत नव्हता. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

रामनगरला मिस्त्री सीट काढायला खाली वाकले. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघत राहिले.

"दीदी, सामान उतार लीजिए पहले."

"सामान? अंदर तो कुछ नहीं है."

"कमानी पूरी बैठ गई है. दोनों तरफ से बराबर." ते उठून दोन पावलं मागे सरले. "गया से कितने लोग चढ़े थे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी फळीवर झोपले की बुडबुडा हलायला हवा होता. गच्च भरलेली गाडी मात्र एका माणसाच्या चढण्या-उतरण्याने हलत नाही.

गयेच्या त्या काठावर किती जण वाट बघत बसलेले असतील, ज्यांना कुणी न्यायला येत नाही... आणि मी पाऊण तास दार उघडं ठेवलं होतं.

गाडी अजून मिस्त्रींच्या अंगणात आहे. पाटे तसेच दबलेले. काका म्हणतात, परत गयेला ने, सगळ्यांना उतरव. पण त्यासाठी दार उघडावं लागेल. उघडलं तर किती उतरतील आणि किती चढतील, ते मला कोण सांगणार?

मी पुन्हा भाच्यांच्या खोलीत झोपते. परवा दिवा मालवताना ऋताने विचारलं, "आत्या, तिथे अकेली झोपलीस, डर नाही वाटला?"

मी म्हटलं, एकटी असते तर वाटला नसता.