उंदराला मोजता येत नाही

"मी दोन दिवस दिसले नाही ना, तर कुणाला विचारत बसू नकोस. स्वतः येऊन बघ!"

तळमजल्यावरच्या आत्यांनी भिंगरीला बजावलं होतं. सुट्टी लागली त्याच दिवशी, जिन्यात. भिंगरीची एक चप्पल पायात, दुसरी हातात. "हो हो, आत्या!" म्हणत ती चार पायऱ्या एका उडीत उतरली. म्हातारी माणसं काय, बोलतच असतात!

पुढच्या आठवड्यात आत्या खरंच दिसेनाशा झाल्या. तेव्हा भिंगरीनं काय केलं? विचारलं! तेही कुणाला, तर आत्यांकडे राहणाऱ्या त्यांच्या भाच्याला. "मैत्रिणीकडे राहायला गेलीय, महिनाभर," भाचेबुवा गोड हसले आणि तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं. भिंगरीनं ते खाल्लं आणि विषय संपला.

शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्यावर, भिंगरीच्या घरी भलताच गोंधळ चालला होता.

"सहा!" दादा ओरडला. "इंटरनेटचा स्पीड नऊशेचा आणि येतोय सहा! फिल्म उद्यापर्यंत पाठवायचीय आणि ही गोगलगाय म्हणतेय, अजून तीस तास!"

सुट्टीतल्या स्पर्धेसाठी त्यानं आणि शेजारच्या ढापण्यानं पंधरा दिवस खपून फिल्म केली होती. ढापण्या म्हणजे भिंगरीच्या वर्गातला कॉम्प्युटरचा किडा. भिंगाएवढा चष्मा आणि त्याहून जाड अक्कल, असं दादा म्हणायचा.

"मंगळवारी नव्वद होता, काल सहा," ढापण्या वहीत बघून म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम उपटलं की काहीच कळत नाही."

"आला मोठा डॉक्टर!"

"तू पेशंटचा नातेवाईक आहेस, गप्प बाहेर बस."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सहा! टेबलाजवळची छोटी वायर बदलली. सहाच! मग ढापण्यानं त्याचा लॅपटॉप उचलला आणि तिघं जिन्याखाली गेली. तिथं सगळ्या घराचा राउटर होता. लॅपटॉप थेट राउटरला जोडला आणि आकडा सर्रकन वर गेला. नऊशे दहा!

"म्हणजे राउटर ठीक, कॉम्प्युटरही ठीक," ढापण्यानं बोटं मोडली. "खोट मधल्या वायरीत आहे."

ती वायर बोळातून आत्यांच्या मागच्या खोलीत शिरायची आणि तिथून छतातल्या भोकातून वर यायची. मागच्या खोलीला कुलूप होतं, नवंकोरं. आत्यांच्या हॉलमध्ये टीव्ही ठणाणा बोंबलत होता.

"अहो, वायर बघायची होती," दादा म्हणाला.

"किल्ली हरवलीय रे. उंदरानं कुरतडली असेल वायर." भाचेबुवा स्कूटरची चावी फिरवत निघाले. "आणि पोरांनो, उगाच इथं घुटमळू नका. पाच वाजता घर बघायला माणसं येणारेत."

इंटरनेट कंपनीचा माणूस काल येऊन गेलाच होता. तो पायऱ्यासुद्धा चढला नव्हता. "दिवा लागलाय ना? मग चालू आहे," म्हणून तक्रार मिटवून चालता झाला होता.

स्कूटर फाटकाबाहेर पडली. वर येऊन ढापण्यानं स्क्रीनकडे बघितलं आणि त्याचा चष्मा नाकावर घसरला.

"लाइन पडली... आली. पडली... आली. पडली... आली." तो थांबला. "तीनदा. आणि आता पुन्हा तीनदा! कालही असंच झालं होतं, स्कूटर गेल्यावर. मी लिहून ठेवलंय."

"उंदीर बेटा हुशार आहे," दादा हसला.

"उंदराला मोजता येतं का?" भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

जिन्याच्या कठड्यावर तीनदा टकटक. आत्या तिला अशीच हाक मारायच्या! आणि आत्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काय केलं होतं? तारा जोडल्या होत्या!

भिंगरीनं पलंग सरकवला. वायरीच्या भोकात कुणीतरी खालून चिंधी कोंबली होती. तिनं ती पट्टीनं खाली ढकलली आणि भोकाला तोंड लावलं. "आत्या!"

टीव्ही तेवढा गरजत होता. मग अगदी खालून, सुकलेलं पान चुरगळावं तसा आवाज आला.

"पाणी."

दादाचं हसू तिथल्या तिथं मेलं.

ढापण्या धावत घरी गेला आणि माशांच्या टाकीची नवी नळी घेऊन आला. नळी भोकातून सोडली, वरून बाटली ओतली. खाली घटाघटा पिण्याचा आवाज येत राहिला. तो आवाज भिंगरी पुढं कधीच विसरली नाही.

"सही कर, मग दार उघडतो म्हणतो," आत्या घोगऱ्या स्वरात सांगत होत्या. "घर विकायचंय त्याला. सकाळी एक पेला पाणी, दोन पोळ्या. दोन दिवस ओरडले गं. मग घसाच गेला."

भिंगरीनं आईला ऑफिसात फोन लावला. "काहीतरीच काय!" आई वैतागली. "त्या मैत्रिणीकडे गेल्यात. लोकांच्या घरात नाक खुपसू नका!" फोन कट.

"आता?" दादा दाराकडे निघालासुद्धा. "कुलूप फोडू?"

"तेवढ्यात तो आला तर आपल्यालाच चोर ठरवेल," ढापण्या म्हणाला. "पाच वाजता माणसं येणारेत ना? मोठ्यांना मोठे साक्षीदार लागतात."

भिंगरी भोकाशी वाकली. "आत्या, पाचपर्यंत दम धरा. मी दारावर टकटक केली की तुम्हीही करा."

"येशील ना नक्की?" खालून प्रश्न आला.

यावेळी भिंगरीला 'हो हो' म्हणवेना.

पाचला गाडी आली. पांढऱ्या केसांच्या एक बाई उतरल्या, सोबत त्यांचा मुलगा. भाचेबुवांनी टीव्ही बंद केला आणि तोंडात साखर घोळवत घर दाखवायला सुरुवात केली. तिघं अगदी शहाण्या बाळांसारखी मागं मागं.

"मागची खोली राहिलीच की!" ढापण्या निरागसपणे म्हणाला.

"अडगळ आहे, अडगळ!"

भिंगरी दारापाशी पोचली होती. टक, टक, टक!

भिंगरीनं दाराला कान लावला. आणि मग आतून, हळूहळू: टक... टक... टक.

"मांजर असेल!" भाचेबुवा खेकसले. "ए कार्टे, हो बाजूला!"

"तुमचं मांजर मोजतं वाटतं?" बाईंनी कोरड्या आवाजात विचारलं. "कुलूप काढा."

"किल्ली हरवलीय."

"मग पोलीस काढतील. फोन लाव रे," त्या मुलाला म्हणाल्या.

किल्ली खिशातच होती!

दार उघडलं तेव्हा जो वास आला, त्यामुळे दादानं तोंड फिरवलं. आत्या वायरीला टेकून बसल्या होत्या. मुठीत नेलकटर. वायर सोलून सोलून बोटांना चिरा पडलेल्या.

पुढं सगळं रीतसर झालं. भाचेबुवांना पोलीस घेऊन गेले. आई धावत आली आणि भिंगरीला छातीशी धरून रडली. "माझी वाघीण!" पोलीसकाकांनी तिघांची पाठ थोपटली, त्या बाई म्हणाल्या, "अशी पोरं हवीत प्रत्येक घरात!"

भिंगरीनं हॉस्पिटलात जाऊन आत्यांना विचारलं, "सगळी वायर का नाही तोडलीत?"

"तोडली असती तर बाहेरून नवी ओढली असती कंपनीनं. लाइन मेली की माणसं दुसरी आणतात. रडतखडत चालली, तर खोट शोधत शोधत येतात." आत्यांनी डोळे मिटले. "आधी वाटलं, माझ्यासाठीच येशील. पाच दिवस वाट पाहिली. आलात तेसुद्धा इंटरनेटसाठी."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून तर ते जास्त लागलं. भिंगरीच्या जिभेवर त्या चॉकलेटची चव पुन्हा आली, कडूजहर.

आता हे पुस्तक जरा मिटा, बाळांनो. तुमच्या जिन्यात, गल्लीत, समोरच्या खिडकीत रोज दिसणारं कुणीतरी हल्ली दिसत नसेल. कुणाला विचारू नका. जा, तीनदा टकटक करा, आणि आतून उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका.